डोकं असेल तरच मोजा

मिलपोर्टच्या पुळणीवर पहाटेची सुकती.
ऊना गॅलब्रेथ गुडघाभर बुटांत उभी,
फावड्यानं ओल्या वाळूचा चौकोन कापते,
खरवसाच्या वडीसारखा, कडा न मोडता.
मी तो चाळणीत घेतो. भोकं अर्ध्या मिलिमीटरची.
चाळायचं नाही, ती म्हणते, जोजवायचं.

वाळू निघून जाते. उरतं ते आमचं:
शिंपल्यांचा चुरा, शेवाळाचा एक दोरा,
आणि दोन-चार गुलाबी हालचाली
ज्यांना अजून कळलेलं नाही
की समुद्र संपला.

जिवंत असतात तोवर ते ऊनाचे.
तिच्या उजव्या डोळ्यात मधोमध राखाडी डाग आहे,
जिथं बघावं नेमकं तिथंच दिसत नाही,
म्हणून ती कडेनं बघते, कोंबडीसारखी मान वाकडी करून.
हा बघ, स्प्रिंगसारखा गुंडाळतोय. ग्लिसेरा.
जबडे मोजायची गरज नाही.
मेल्यावर मात्र तिला ओळखू येत नाहीत.
मेलेले माझे.

प्रयोगशाळेत हीटर खोकत असतो.
किड्यांना आधी गुंगी द्यायची;
शुद्धीत असताना अल्कोहोलात टाकले
तर स्वतःचेच तुकडे करून घेतात,
आणि तुकड्यांचा हिशेब किचकट.
त्यासाठी भिंतीवर टेपनं चिकटवलेला नियम:
डोकं असेल तरच मोजा.
शेपट्या कितीही असोत, शेपट्या कुणी नव्हेत.

मग ओळखतक्ता.
१. डोक्यावर शिंगं आहेत: ४ पाहा. नाहीत: २ पाहा.
२. अंगावरचे राठ केस सरळ: ३ पाहा. आकडीसारखे वळलेले: ९ पाहा.
९. आकडीला दात एक, की दोन?
नवावर मी अडकतो. नेहमी.
दोन दात, की एक दात आणि उजेडाची खोडी,
हे ठरवायला चारशेपट भिंग लागतं
आणि अर्धी सकाळ.

चहाच्या वेळी ऊनानं विचारलं,
तुमच्या भाषेत स्पीशीजला काय म्हणतात?
जात, मी म्हणालो.
छान, ती म्हणाली. छोटा शब्द. लेबलवर मावेल.

पुढं मी काही बोललो नाही.
जी जात नाही ती जात,
हे इंग्रजीत ओतलं की चाळणीत काहीच राहत नाही.
आणि मिठबावच्या शाळेच्या दाखल्यावरचा तो रकाना,
खोत गुरुजींनी आईला न विचारता भरलेला,
मान वर न करता, निळ्या शाईत.
बिस्किट चहात पडलं. चमच्यानं काढत बसलो.

बाटलीतल्या चिठ्ठीवर पेन्सिलनंच लिहायचं,
ऊना पुन्हा पुन्हा बजावते,
शाई अल्कोहोलात विरते, दोन वर्षांत कागद कोरा.
सगळी शाई नाही विरत, ऊना.
हे मराठीत, मनात.

त्रेसष्टावा कुठंच बसेना.
शिंगं तीन. पुस्तकात दोन असतात, चार असतात, नसतात.
चौथं तुटलं असेल, तर तुटल्याची खूण हवी.
खूण नव्हती.
तीनदा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली,
तीनदा त्यानं मला वेगळ्याच दारात सोडलं.
शेवटी बशी ऊनापुढं सरकवली, मेलेला असूनही.
तिनं मान वाकडी केली, बराच वेळ.
माहीत नाही, ती म्हणाली.
एवढ्या आनंदानं हे म्हणताना
मी आजवर कुणाला ऐकलं नव्हतं.

चिठ्ठी लिहिली.
केम्स बे. सुकती. वाळू बारीक,
बोटभर खाली काळी, सडक्या अंड्याचा वास.
जात:
तिथं पेन्सिल टेकवली. ठिपका उमटला.
तेवढाच राहू दिला.

डोकं आहे. मोजला.

चौसष्टावा चिमट्यानं उचलला.
शेपटी.